एका निळ्या जर्सीसाठी: अराता इझुमी आणि नागरिकत्वाचं गणित

बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलात पुणे एफसीचे सामने व्हायचे तेव्हा मी जमेल तसा जायचो. गर्दी बेताचीच असायची. मैदानाभोवती धावपट्टी असल्यामुळे खेळाडू लांब वाटायचे, पाठीवरचा नंबर पटकन वाचता यायचा नाही. पण एक जण नंबराशिवाय ओळखू यायचा. चेंडू पार दुसऱ्या टोकाला असतानाही तो मान वळवून मागे बघायचा. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. मग चेंडू त्याच्याकडे आला की तो थांबायचा नाही. अंग आधीच अर्धं वळलेलं असायचं, पहिल्याच स्पर्शात चेंडू पुढच्या दिशेला निघालेला असायचा आणि त्याच्या अंगावर धावून आलेला बचावपटू रिकाम्या जागेत पोचलेला असायचा.

तो अराता इझुमी. आई जपानी, वडील गुजराती. भारतीय कागदोपत्री नाव नीलकंठ खंभोळजा. जपानी नागरिकत्व सोडून भारताकडून खेळलेला हा मिडफिल्डर, म्हणजे मधल्या फळीतला खेळाडू. 'भारतीय वंशाचे परदेशी खेळाडू आपल्याकडून का खेळत नाहीत?' ही चर्चा निघाली की त्याचं नाव निघतंच. पण खेळाडूचा देश नेमका कोण ठरवतं, हे त्या चर्चेत फारसं कुणी उलगडून सांगत नाही. इझुमीची कारकीर्द समोर ठेवली की ते नीट समजतं.

आधी मिडफिल्डरबद्दल. गोलरक्षक आणि बचावपटू यांना बहुतेक वेळा मैदानाची एकच बाजू सांभाळायची असते, समोरची. मिडफिल्डर मात्र चारही बाजूंनी घेरलेला असतो. चेंडू घेताना तोंड बहुतेक वेळा आपल्याच गोलकडे असतं आणि धोका पाठीमागून येतो. म्हणून मान वळवून बघण्याची सवय ही त्याची खरी कमाई. चेंडू यायच्या आधीच तो कुठे द्यायचा हे ज्याला माहीत असतं, त्याला वेगाने धावावं लागत नाही. इझुमी आक्रमक मिडफिल्डर होता. आघाडीपटूच्या मागच्या मोकळ्या पट्ट्यात तो खेळायचा, संधी दिसली की स्वतःही गोल करायचा. आय-लीग या तेव्हाच्या मुख्य भारतीय लीगमध्ये उंच चेंडू मारून अंगाने धडकणारा खेळ भरपूर होता. त्यात त्याचा पहिला स्पर्श बघणं हे मला तिकिटाचे पैसे वसूल झाल्यासारखं वाटायचं.

त्याचा जन्म ३१ जुलै १९८२ चा, जपानच्या यामागुची प्रांतातल्या शिमोनोसेकीचा. जपानच्या मुख्य बेटाच्या पश्चिम टोकाला, सामुद्रधुनीच्या काठावर वसलेलं हे बंदर. सिंगापूरच्या लीगमध्ये आल्बिरेक्स नीगाता या जपानी संघाकडून खेळून तो २००६ मध्ये भारतात आला, कोलकात्याच्या ईस्ट बंगालकडे. वय २४. पुढच्या वर्षी तो मुंबईच्या महिंद्रा युनायटेडमध्ये आला आणि २००९ मध्ये पुण्यात. महिंद्रालाही आणि पुण्यालाही प्रशिक्षक गोव्याचे डेरिक परेरा होते. चेंडू जमिनीवरून खेळवायचा त्यांचा आग्रह असे, आणि असा मिडफिल्डर त्यांना हवाच होता. पुणे एफसी आय-लीगमध्ये नवी होती. पहिल्याच मोसमात संघ तिसरा आला आणि २०१२-१३ मध्ये दुसरा, गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सच्या खालोखाल.

या काळात तो भारतात परदेशी खेळाडू म्हणून खेळत होता. लीगमध्ये परदेशी खेळाडूंची संख्या मोजून असते. तेव्हा एका संघात तीन परदेशी आणि वर एक आशियाई अशी पद्धत होती. इझुमी त्या आशियाई जागेवर. वडील भारतीय असले तरी लीगच्या यादीत तो जपानीच होता, कारण त्याच्या हातात जपानी पासपोर्ट होता.

इथून मुख्य मुद्दा सुरू होतो. खेळाडूचा देश ठरायला तीन दारं ओलांडावी लागतात. पहिलं रक्ताचं: आईवडील, आजी-आजोबा कुठले. दुसरं फिफाच्या, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेच्या, नियमांचं. तिसरं त्या-त्या देशाच्या कायद्याचं. टीव्हीवर चर्चा पहिल्या दाराची होते, वर्तमानपत्रात दुसऱ्याची. खेळाडू अडतो तो बहुतेक वेळा तिसऱ्यापाशी.

रक्ताचं दार दिसतं तेवढं सरळ नसतं. थियागो अल्कांताराचं उदाहरण घ्या. जन्म इटलीत, वडील माझिन्यो हे १९९४ चा विश्वचषक जिंकलेल्या ब्राझील संघात, आणि थियागो स्वतः खेळला स्पेनकडून. त्याचा सख्खा भाऊ राफिन्या खेळला ब्राझीलकडून. दोघेही मिडफिल्डर, दोघेही बार्सिलोनात घडलेले, आणि देश दोन. झाका भावांचं तर याहून पुढचं. आईवडील कोसोवोतले अल्बेनियन, मुलं स्वित्झर्लंडमध्ये वाढलेली. धाकटा ग्रानिट स्वित्झर्लंडकडून आणि थोरला तौलांत अल्बेनियाकडून. ११ जून २०१६ ला फ्रान्सच्या लाँस शहरात युरो स्पर्धेत दोघे एकमेकांसमोर उभे ठाकले. त्यांची आई स्टँडमध्ये बसली होती आणि तिच्या अंगातला टी-शर्ट अर्धा स्वित्झर्लंडचा, अर्धा अल्बेनियाचा होता. सामना स्वित्झर्लंडने १-० ने जिंकला. त्या माउलीला त्या नव्वद मिनिटांत काय वाटलं असेल, हा विचार माझ्या मनातून अजून जात नाही.

आता फिफा. नियम वाचायला किचकट आहेत, पण गाभा सोपा आहे. पहिली अट, त्या देशाचं नागरिकत्व हवं. आणि ते नव्याने घेतलं असेल तर त्या देशाशी खरा धागा दाखवावा लागतो: तुमचा जन्म तिथला, किंवा आईचा अथवा वडिलांचा जन्म तिथला, किंवा आजी-आजोबांपैकी कुणाचा तरी. यातलं काहीच नसेल तर वयाची अठरा पूर्ण झाल्यावर सलग पाच वर्षं तिथे राहिलेलं हवं. जे लहानपणीच त्या देशात गेले त्यांच्यासाठी अटी थोड्या वेगळ्या आहेत. श्रीमंत देशांनी चांगले खेळाडू सरळ विकत घेऊ नयेत म्हणून हे कुंपण आहे, आणि ते असायलाच हवं असं माझं मत आहे.

एका देशाकडून खेळल्यावर दुसऱ्याकडे जाता येतं का? मुख्य संघाकडून फक्त मैत्रीपूर्ण सामने खेळला असाल तर तुम्ही त्या देशाला बांधले जात नाही. स्पर्धेतला सामना बांधतो. पूर्वी तो एकदा खेळला की जन्माची गाठ पडायची. त्यामुळे विशीतल्या मुलाला पाच-दहा मिनिटांसाठी मैदानात उतरवून ठेवलं, की तो पुढे संघात असो वा नसो, दुसऱ्या देशाचा रस्ता बंद व्हायचा. २०२० मध्ये फिफाने ही गाठ सैल केली. २१ वर्षांचा होण्याआधी मुख्य संघाकडून स्पर्धेतले तीनपेक्षा जास्त सामने खेळलेला नसेल, ते विश्वचषकाच्या किंवा खंडाच्या स्पर्धेच्या मुख्य फेरीतले नसतील आणि शेवटच्या सामन्याला तीन वर्षं झालेली असतील, तर एकदा बदल करता येतो.

इझुमी जपानच्या मुख्य संघाकडून कधी खेळलेला नव्हता. वडील भारतीय. भारतात पाचपेक्षा जास्त वर्षं तो सलग राहिलेला. फिफाच्या दारात त्याला अडवायला कुणी नव्हतं. अडचण पुढच्या दारात होती.

आपल्या कायद्यात एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. राज्यघटनेचा नववा अनुच्छेद आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं नववं कलम दोन्ही हेच सांगतात: स्वतःहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपलं. जपानचा कायदाही याच वळणाचा आहे. जन्माने दोन नागरिकत्वं मिळाली असतील तर तरुणपणीच एक निवडा, असं तो सांगतो, आणि प्रौढपणी स्वतःहून दुसरं घेतलं तर जपानचं आपोआप जातं. जपानी कायद्यातली आणखी एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. १९८५ पर्यंत तिथे नागरिकत्व वडिलांकडूनच मुलाकडे यायचं. आई जपानी आणि वडील परदेशी असतील तर मूल जपानमध्ये जन्मूनही आपोआप जपानी ठरत नसे. म्हणजे ज्या वर्षी इझुमी जन्मला त्या वर्षी आईचं नागरिकत्व मुलाला देण्याइतकं वजन कायद्याच्या लेखी आईला नव्हतं. मिश्र घरातल्या मुलाला 'तू कुठला?' हा प्रश्न शाळेतल्या पोरांच्याही आधी सरकार विचारतं, तो असा.

मग आपल्याकडे परदेशी पासपोर्ट असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांसाठी ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड आहे ना, असं कुणी म्हणेल. अमेरिकेत, इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या आपल्या कित्येक नातेवाइकांकडे ते असतं. नावात 'सिटिझन' आहे, पण ते नागरिकत्व नव्हे. तो आयुष्यभराचा व्हिसा आहे. येता-जाता येतं, राहता येतं, नोकरी करता येते. मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, आणि भारताकडून खेळता येत नाही. २००८ मध्ये क्रीडा मंत्रालयाने धोरण ठरवलं की भारताचं प्रतिनिधित्व भारतीय पासपोर्ट असलेलाच करील. त्याआधी टेनिसमध्ये प्रकाश अमृतराज अमेरिकी पासपोर्ट असूनही भारताकडून डेव्हिस चषक खेळला होता. नव्या धोरणाने तो रस्ता मिटला.

ओसीआयवरून नागरिक होता येतं, पण त्याला वेळ लागतो. कार्ड मिळून पाच वर्षं झालेली हवीत, अर्जाआधीचे बारा महिने भारतात वास्तव्य हवं, आणि शेवटी जुन्या पासपोर्टवर पाणी सोडायचं. फुटबॉलपटूच्या नजरेतून हा हिशेब करून बघा. त्याचं व्यावसायिक आयुष्य बारा-पंधरा वर्षांचं, त्यातली ऐन भरातली सहा-सात. इंग्लंडमध्ये खेळणाऱ्या भारतीय वंशाच्या मुलाने यासाठी एक वर्ष भारतात येऊन राहायचं, म्हणजे तिथला क्लब सोडायचा. नंतर परत जावंसं वाटलं, तर ब्रिटिश पासपोर्ट गेल्यामुळे ज्या शहरात तो लहानाचा मोठा झाला तिथे खेळायला त्याला कामाचा परवाना मागावा लागणार. पंचविशीतल्या पोराकडून एवढी अपेक्षा ठेवायची आणि तो आला नाही की त्याच्या देशप्रेमावर बोट ठेवायचं, हे मला अजिबात पटत नाही.

इझुमीने ते केलं. भारतात आल्यापासून सहा-सात वर्षं गेली होती. जपानचं नागरिकत्व सोडून त्याने भारताचं घेतलं आणि २०१३ च्या सुरुवातीला, तिशी ओलांडल्यावर, त्याला भारतीय संघाचं बोलावणं आलं. प्रशिक्षक होते नेदरलँड्सचे विम कूवरमान्स. ६ फेब्रुवारी २०१३ ला कोचीत पॅलेस्टाइनविरुद्धच्या मैत्रीपूर्ण सामन्यात त्याने पदार्पण केलं. भारत २-४ ने हरला. जपानचा संघ निळ्या रंगात खेळतो आणि भारताचाही निळ्याच. रंग तोच राहिला, छातीवरचं चिन्ह बदललं.

या बदलाची किंमत किती, ते एका साध्या गोष्टीवरून कळेल. जपानी पासपोर्ट हा जगातल्या सर्वांत वजनदार पासपोर्टांपैकी एक. तो दाखवून माणूस बहुतेक देशांत व्हिसाशिवाय उतरतो. भारतीय नागरिकाला जपानला जायला व्हिसा लागतो. म्हणजे ज्या शिमोनोसेकीत तो जन्मला, तिथे पाऊल ठेवायलाही आता त्याला परदेशी माणसासारखा अर्ज भरणं आलं. आणि एवढं करून भारताकडून तो खेळला किती? दहापेक्षा कमी सामने. त्या वर्षी आशियाई चॅलेंज चषकाच्या पात्रता फेरीतून भारत बाहेर पडला, पुढे प्रशिक्षक बदलले, नवे खेळाडू आले. बत्तिशीच्या मिडफिल्डरला कुणी थांबायला सांगत नाही.

एक फायदा झाला, तो क्लबांना. भारतीय झाल्यावर तो परदेशी खेळाडूंच्या कोट्यातून सुटला आणि त्याच्या जागी आणखी एक परदेशी घेता येऊ लागला. आयएसएल (इंडियन सुपर लीग) सुरू झाल्यावर तो भारतीय खेळाडू म्हणूनच खेळला: २०१५ मध्ये अ‍ॅटलेटिको दे कोलकाता, नंतर एफसी पुणे सिटी, २०१७-१८ मध्ये केरळ ब्लास्टर्स.

आता हेच गणित शेजारच्या देशात कसं सुटलं ते बघू. हमझा चौधरी, मिडफिल्डर. जन्म इंग्लंडमधल्या लफबरोचा, १९९७ चा. आई बांगलादेशी, वडील कॅरिबियनमधल्या ग्रेनाडाचे. लेस्टर सिटीच्या अकादमीत घडला, २०२१ मध्ये एफए चषक जिंकलेल्या संघात होता, इंग्लंडच्या २१ वर्षांखालील संघाकडून युरो स्पर्धाही खेळला. बांगलादेशचा कायदा दुहेरी नागरिकत्वाला वाव देतो. त्यामुळे ब्रिटिश पासपोर्ट खिशात ठेवून त्याने बांगलादेशचाही घेतला. इंग्लंडकडून त्याने फक्त वयोगटातले सामने खेळले होते, म्हणून फिफानेही २०२४ च्या डिसेंबरमध्ये बदलाला परवानगी दिली. त्याला काहीच सोडावं लागलं नाही. क्लब तोच, घर तेच.

२५ मार्च २०२५ ला आशियाई चषकाच्या पात्रता फेरीत शिलाँगला तो पहिल्यांदा बांगलादेशकडून उतरला, भारताविरुद्ध. आपल्याकडून निवृत्ती मागे घेऊन परतलेला चाळिशीतला सुनील छेत्री खेळत होता. सामना ०-० सुटला. मी तो टीव्हीवर बघत होतो आणि माझी नजर पुन्हा पुन्हा हमझाच्या मानेकडे जात होती. चेंडू यायच्या आधी तो मागे बघत होता. दोनदा, तीनदा. बालेवाडीची आठवण आल्याशिवाय राहिली नाही.

बांगलादेशने ही वाट एका दिवसात काढलेली नाही. त्यांचा कर्णधार जमाल भुयान हाही मिडफिल्डरच, कोपनहेगनमध्ये जन्मलेला, आणि इझुमीप्रमाणेच २०१३ मध्ये पदार्पण केलेला. त्याने हमझासारख्यांसाठी पायवाट पाडली. इझुमीच्या मागून येणाऱ्यांसाठी मात्र आपल्याकडे वाट रुंद झाली नाही. भारताचे तेव्हाचे प्रशिक्षक इगोर स्टिमाच भारतीय वंशाच्या खेळाडूंना संधी द्या म्हणून वर्षानुवर्षं सांगत राहिले, पण कायदा होता तिथेच राहिला.

बारा वर्षांनी दुसरा आला तो रायन विल्यम्स. पर्थमध्ये जन्मलेला, इंग्लंडमध्ये खेळून बंगळुरू एफसीकडे आलेला. हा मिडफिल्डर नव्हे, विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने चढाई करणारा. त्याची आई मुंबईत जन्मलेली आणि आजोबा १९५० च्या दशकात संतोष ट्रॉफीत मुंबईकडून खेळलेले. ऑस्ट्रेलियाकडून तो एकच सामना खेळला होता, २०१९ मध्ये, आणि तोही मैत्रीपूर्ण, त्यामुळे गाठ पडलेली नव्हती. ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडून नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याने सुनील छेत्रीच्या हातून भारतीय पासपोर्ट घेतला. लगेच १८ नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशशी सामना होता. तो संघाच्या शिबिरात होता, सराव करत होता, पण ऑस्ट्रेलियाच्या फुटबॉल महासंघाकडून भारताच्या महासंघाकडे जाण्याचे कागद वेळेत आले नाहीत आणि त्याला खेळता आलं नाही. भारत ०-१ ने हरला. समोर मधल्या फळीत हमझा चौधरी होता.

घटना बदलून सरसकट दुहेरी नागरिकत्व द्यावं, असं मी म्हणत नाही. त्यात फुटबॉलपेक्षा कितीतरी मोठे प्रश्न गुंतलेले आहेत. पण ओसीआय कार्ड असलेल्या खेळाडूवरची आपल्या बाजूची बंदी उठवायला नागरिकत्वाच्या कायद्याला हात लावायची गरज नाही. २००८ चं धोरण सरकारचं होतं, बदललं तर ते सरकारच बदलू शकतं. मात्र फिफाची पहिली अट नागरिकत्वाचीच आहे. त्यामुळे टेनिसमध्ये जी सवलत एकेकाळी चालून गेली, तेवढ्याने फुटबॉलमध्ये भागणार नाही. निदान नागरिकत्वाच्या अर्जाला लागणारा काळ तरी खेळाडूच्या वयाकडे बघून कमी करता येईल, आणि ही मागणी मला अवाजवी वाटत नाही.

इझुमीच्या क्लबांची यादी मी मध्यंतरी पुन्हा काढून बघितली. महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद. पुणे एफसी २०१५ मध्ये बंद. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गुंडाळली आणि तिची जागा हैदराबादला गेली. ज्या माणसाने या देशासाठी आपलं जपानी नागरिकत्व सोडलं, तो महाराष्ट्रात ज्या-ज्या संघांकडून खेळला त्यांतला एकही संघ आज उरलेला नाही. यादी वाचताना मला खरोखर वाईट वाटलं.

तो स्वतः मात्र इथेच राहिला. खेळणं थांबल्यावर नवी मुंबईत रिलायन्स फाउंडेशनच्या यंग चॅम्प्स अकादमीत तो प्रशिक्षक झाला. तिथे देशभरातून निवडलेली मुलं वसतिगृहात राहून शिकतात आणि खेळतात. या मुलांना पासपोर्टचा प्रश्न नाही. पण त्यांच्यात एखादा पुण्याचा असेल आणि उद्या त्याला आयएसएल खेळायची असेल, तर त्याला शहर सोडावं लागेल. बालेवाडीचं ते मैदान आहे, धावपट्टीही आहे. संघ नाही.